कापगते सरांचा पेशंट

आमच्या साकोलीच्या दवाखान्यातले फिजिओथेरपिस्ट कापगते सर अधूनमधून स्वतःच पेशंट होतात. माणूस धडधाकट. पण पाठ सांभाळून रुग्णाला कसं उचलावं याचं प्रशिक्षण असलं, की हे चादर ओढून खाटेवर आडवे. आम्ही चौघी सिस्टरांनी त्यांना स्ट्रेचरवर घ्यायचं.

पेशंटही साधासुधा नाही. कधी शहापूरचा, म्हशीने ढुशी दिलेला. कधी जवाहरनगरचा रिटायर साहेब, खुब्याचं हाड मोडलेला. कण्हणं इतकं हुबेहूब, की एकदा एका नव्या डॉक्टरांनी धावत येऊन नाडी पाहिली.

आमचं चुकलं की मरणोन्मुख पेशंट ताडकन उठून बसतो. "काहून वं वैशाली, कमरेतून वाकून राहिली? कंबर का दुकानात भेटते? गुडघे वाकव! अन् पेशंटले अंगाजवळ घे, दुरून कायले वढते?" वैशाली म्हणजे मी. रोजचं गिऱ्हाईक.

हे वेड बाहेरही सुटत नाही. माझ्या भावाच्या लग्नात मित्र नवरदेवाला खांद्यावर घ्यायला गेले, तर सरांनी त्यांना थांबवून आधी पायांत अंतर घ्यायला लावलं. नवरी हार धरून ताटकळली.

यंदा प्रशिक्षणासाठी माणसाएवढा रबरी पुतळा आला. "सर, आता तुम्हाला झोपायला नको," मेट्रन मॅडम म्हणाल्या. सरांचं तोंड एवढंसं झालं. आम्ही पुतळा उचलला, ठेवला. सर खुर्चीत गप्प. बोलणी खाल्ल्याशिवाय मलाच करमेना.

"सर, हा तर कण्हतही नाही. तुम्हीच झोपा ना."

"मी कायले? पुतळा हाये ना," असं म्हणता म्हणता चपला काढून झोपलेसुद्धा.

आम्ही त्यांना एका दमात, अलगद स्ट्रेचरवर घेतलं. मी डोक्याखाली उशी सारली. चूक एकही निघाली नाही. चहा आला, तरी सर उठेनात.

"सर, दुखलं का?"

"नाही वं." डोळे मिटलेलेच. "तुमची काकू गेली तवापासून घरी एकटाच हावो. अंगाले हात लावनारं कोनी नाही. तुमी असं जपून उचलता, तं बरं वाटते."

मी त्यांच्या डोक्याखालची उशी नीट केली.

मेट्रन मॅडमनी कप खाली ठेवला. "वैशाली, पेशंटला असं स्ट्रेचरवरच सोडतात का? खाटेवर कोण घेणार?"

आम्ही चौघी पुन्हा गुडघे वाकवून उभ्या राहिलो. सरांनी कण्हायला सुरुवात केली.