मे महिन्यातला हीटर

डोंगरे काका मे महिन्यात गाडीचा हीटर लावतात. तेही काचा बंद करून. रायपुरात मे महिन्यात दुपारी नुसतं बाहेर पडलं तरी लोक वेड्यात काढतात, त्यात हे. त्यांची तीस वर्षं जुनी निळी गाडी समता कॉलनीच्या वळणावर आली की आत घामाने निथळणारा, पण चेहऱ्यावर तक्रार नसलेला माणूस दिसतो. कॉलनीतली कुत्री सगळ्या गाड्यांखाली झोपतात, त्या एका गाडीखाली नाही.

काका आमचे शेजारी. सिंचन खात्यातून निवृत्त. हीटरबद्दल विचारलं की ते नीट समजावून सांगतात, आणि ते खरंही आहे. इंजिनातलं गरम पाणी हीटरच्या छोट्या जाळीतून फिरतं, त्यामुळे थोडी उष्णता इंजिनाऐवजी माणसाला मिळते. “तिचा ताप आपण घ्याचा, पोट्टे. थोडासा.”

पण गाडीला ताप येतो कशाने, हे कोणालाच कळत नव्हतं. चौकातल्या सलीम मिस्त्रींनी थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर खोलून धुतला, फॅन बेल्ट नवा टाकला. त्यांनी स्वतः चालवून आणली तर तापमानाचा काटा मध्यावरच. काका घेऊन निघाले की थोड्याच वेळात लाल. शेवटी झाडफूक करणाऱ्या बैगाचं नाव काढत मिस्त्री मला म्हणाले, “दीदी, इसमें मेरे लायक कुछ नहीं है. किसी बैगा को दिखाओ.” ते हसले नाहीत.

मग पुण्याहून निखिलदादाचा फोन आला. काकांचा मुलगा. वडील एकटे, भर उन्हात, रस्त्यात कुठेतरी बंद पडतील या काळजीने त्याने ठरवलं होतं की आता एकदा जरी काटा लाल झाला, तरी गाडी भंगारात. वडील खरं सांगणार नाहीत, म्हणून मी सोबत जाऊन बघावं. “तू बोलत नाहीस, पण बघतेस,” तो म्हणाला. मला ते कौतुक आवडलं नाही, पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

काकांना या फोनचं सगळं माहीत होतं. “परीक्षक आल्या,” म्हणाले. मी पुढचं दार उघडायला गेले तर हात आडवा केला. “मागं बस. ती जागा भरली हाय.”

जागा रिकामी होती. पट्टा मात्र लावलेला होता.

आम्ही नवा रायपूरकडे निघालो. दुपारचा एक. इतका रुंद रस्ता आणि त्यावर फक्त आम्ही. लांब डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसायचं, जवळ गेलं की नसायचं. काटा चढू लागला. काका घाबरले नाहीत. त्यांनी आरशात बघून केस सारखे केले आणि हीटर लावला.

गरम वाऱ्याबरोबर ओव्याचा वास आला.

काकू जाऊन चार वर्षं झाली. त्यांना कायम सर्दी असायची, आणि पदराच्या टोकाला ओव्याची पुरचुंडी बांधलेली. मी खिडकीला चिकटून बसले. काका हळू आवाजात बोलत होते. विजेचं बिल भरलं, कूलरची मोटर बदलली. मग म्हणाले, “मागं शेजारची पोट्टी हाय. लक्ष नको देऊ. बोलत नाही ती.”

काटा लाल झाला. मी थांबा म्हणाले.

कडुलिंबाखाली इंजिन बराच वेळ थंड होऊ दिलं. मी समोर जाऊन जाळीतून आत पाहिलं. रेडिएटरच्या पुढ्यात पुठ्ठा होता, कूलरच्या खोक्याचा, अगदी मापात कापलेला. वारा आत जाणारच नाही असा. मी बॉनेट उघडून तो ओढून काढला. काका झाडाकडे बघत राहिले.

“तुम्ही लावला?”

“हव. मिस्त्रीकडं नेताना काढून ठेवतो.”

काकू हिवाळ्यात पुरचुंडी हीटरच्या तोंडाशी शेकायच्या, तशी एक आत घसरली ती निघालीच नाही, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, हीटर तर गाडी तापलेली नसतानाही लागतो, मग पुठ्ठा कशाला?

“मले काय माहीत नाही? पण कामाशिवाय हाक मारलेली तिले खपत नव्हती. जितेपणी नाही, तं आता कशी खपन? गाडी तापली, म्हणजे काम हाय.” मग म्हणाले, “सांग तू निखिलले. सांगाचंच आहे तुले.”

पाणी भरून आम्ही परत निघालो. पुठ्ठा माझ्या पायाशी होता. काचा उघड्या. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. मी निखिलदादाला लिहिलं: दोष सापडला, काढला, आता गाडी ठीक आहे. यात खोटं काही नव्हतं.

काकांनी काट्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. गाडी वाचली होती आणि ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते, चुकीच्या घरात येऊन बसलेल्या पाहुण्यासारखे.

उघड्या काचांतून लू आत येत होती. माझे ओठ कोरडे पडले होते.

“काका,” मी म्हणाले, “मला थंडी वाजतेय.”

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग गाडी कडेला घेतली, एकेक काच वर केली आणि हीटरच्या बटणावर हात ठेवला.

“कितीवर ठेवू?” त्यांनी डावीकडच्या जागेकडे वळून विचारलं.

मी मागे बसले होते.