रहांगडाले समुद्रापार

झनकलाल रहांगडाले कुणालाही त्याचं नाव विचारत नसत. थेट आडनाव विचारत. मग पुढचा प्रश्न, "आलं कुठून ते?"

मी बदलीवर धानपट्ट्यातल्या गोरेगावला आलो, त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. सामान टेम्पोतून उतरायच्या आत हा प्रश्न आला. मी म्हटलं, "काळे. कुठून आलं ते नाही ठाऊक."

ते हळहळले. "दोनच अक्षरं? अन् तेबी कुठची, मालूम नाही? राहता कसे गा तुम्ही?"

स्वतःचं आडनाव मात्र ते घास चावून खावा तसं सावकाश उच्चारत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ते माळव्यातल्या धारहून निघालं, घोड्यावर बसून आलं, वैनगंगेचं पाणी प्यालं आणि इथल्या धानात उतरलं. असं सांगत, जणू घोड्याचा लगाम यांच्याच हातात होता. बाजारात वांगी निवडताना सांगत, एसटीत कंडक्टर तिकिटासाठी खोळंबलेला असताना सांगत. एकदा जवळच्या बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकणारा एक केरळी मुलगा टपरीवर भेटला. त्यानं आडनाव म्हणून नुसतं 'के' सांगितलं. झनकभाऊंनी त्याला आग्रहानं दुसरा चहा पाजला. घरी येऊन मला म्हणाले, "चांगल्या घरचा पोरगा दिसते गा. पण आडनावच नाही बिचाऱ्याले."

घरात ते एकटेच. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा राजेश बायको आणि लेक सईसह कॅनडात. रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन धरला की झनकभाऊंचं नुसतं कपाळ दिसायचं, म्हणून धरायला मी.

अशाच एका रविवारी राजेश चाचरत म्हणाला, "बाबा, आम्ही आडनाव बदललं. इथं कुणाच्या तोंडी बसत नव्हतं. आता फक्त 'डेल'. सईचं पण तेच."

झनकभाऊ पडद्याकडे वाकले. "पुढचं काऊन तोडलं रे? त्यात 'रहा' होतं."

"शाळेत पोरं हसत होती बाबा सईला. रडत घरी यायची."

"मंग बराबर केलं," ते म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले. कॉल संपला तरी बाहेर आले नाहीत.

त्यानंतर त्यांनी कुणाला आडनाव विचारलं नाही. बाजारातून मुकाट्यानं वांगी घेऊन येत. धारचा घोडाही बंद झाला. बातमी मात्र गावभर झाली होती.

हिवाळ्यात राजेश आला, सहा वर्षांच्या सईला घेऊन. आठवडी बाजारात ती आजोबांचं बोट धरून चालत होती, मागे मी. एका दुकानदारानं मुद्दाम हटकलं, "का गा झनकभाऊ, नातीचं आडनाव का हाये?"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. सई आजोबांच्या धोतराआड सरकली.

झनकभाऊ थांबले. कित्येक महिन्यांनी तो जुना आवाज लागला. "डेल! धारहून इथं आले ते रहांगडाले. इथून समुद्रापार गेले ते डेल. एकच घर हाये. इचारा या काळेंले."

मी जोरानं मान हलवली. कुणी हसलं नाही.

थोडं पुढं गेल्यावर सईनं विचारलं, "आबा, हे खरं आहे?"

"आजपासून खरं, बाई."

पंधरवड्यानं गाडी राजेश आणि सईला घेऊन नागपूर विमानतळाकडे निघाली. झनकभाऊ वळणापर्यंत मागे चालत गेले. संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसले. मी चहा दिला, तो तसाच निवत ठेवला.

"गरम भात खाता येत नाही गा तिले," ते म्हणाले. "मी फुंकून फुंकून देत होतो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो.

"बाप दिवसभर कामावर, माय कामावर. तिकडं कोण फुंकून देत असन?"