आढ्याला कान

आमचे शेजारी दत्ताराम तात्या रोज सकाळी आंघोळ करून देवाला हात जोडतात आणि मग स्टुलावर चढून छपराच्या आढ्याला कान लावतात. "वाळवी चरता," म्हणतात, "माका आयकाक येता."

मुलुंडला टेकडीखाली आमची बैठी चाळ. वर कौलं, खाली जुने सागवानी वासे, आणि तात्यांच्या नि आमच्या खोलीवरून गेलेलं एकच लांब आढं. मधली भिंत त्याच्यापर्यंत धड पोचतही नाही. त्यामुळे तात्यांच्या मते त्यांच्या लाकडावरचं प्रत्येक संकट आमच्याकडून येतं. "माका संशय आसा," हे त्यांचं पालुपद. कौल सरकलं की मांजरावर संशय, आणि मांजराला दूध कोण घालतं म्हणून माझ्या बायकोवर, सुनीतावर संशय.

बरं, कामाला माणूस चोख. पावसाळ्याआधी प्रत्येक वासा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघणार. टोक आत रुतलं की लाकूड कुजलं समजायचं. फुटकी कौलं बदलणार, सांदीतला पाला काढणार, मग गावाहून आणलेलं काजूच्या टरफलांचं तेल फडक्याने चोपडणार. त्या वासाने आमचं डोकं उठतं. वर स्वतःचं स्टूल घेऊन येतात आणि न विचारता आमचेही वासे टोचतात.

एकदा मला दारात गाठून म्हणाले, "मंग्या, आज कुकर खूप वाजलो. छोले काय रे? वाफेन लाकूड मऊ पडता."

सुनीता आतून ऐकत होती. "वाळवीबिळवी काही नाहीये," ती नंतर म्हणाली, "हा म्हातारा आपल्याला ऐकतो. परवा भांडलो तेही ऐकलं असणार. पीओपीचं सिलिंग मारून टाक, एकदम पॅक." मलाही पटलं. तात्यांचा संशय आता मला लागला होता.

पीओपीवाला संध्याकाळी माप घेऊन गेला नाही, तोच तात्या हजर. "झाकू नको रे. लाकडाक वारो व्हयो. कोंडलंस तर कुसतला."

"तात्या, आमचं छप्पर आहे."

"आढा दोघांचा आसा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, चला, दाखवाच ती वाळवी. तसाच त्यांच्या घरी गेलो, स्टुलावर चढलो, आढ्याला कान लावला.

वाळवी कसली नि काय. पलीकडे सुनीता भाकऱ्या थापत होती आणि मधेच लेकीवर ओरडत होती, "गृहपाठ कर आधी, टीव्ही मग." इकडे खाली तात्यांच्या ओट्यावर एक ताट नि एक पेला उपडा घातलेला.

"तात्या, कुठेय वाळवी?"

ते खाली स्टूल धरून उभे होते, मी पडू नये म्हणून. "नाय आसा," म्हणाले. "तुझी काकी गेली तसा ह्या घरात काय वाजाक नाय. तुमच्याकडे भाकरी थापतत, तो आवाज इलो की माका बरा वाटता."

उतरलो आणि घरी आलो.

पीओपीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. सुनीताने कारण विचारलं. आधी म्हटलं, लाकडाला वारा लागतो. मग खरं काय ते सांगून टाकलं.

सकाळी मी हळूच चहा मागितला, तर तिने परात पुढे ओढली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "कुजबुजतोस काय रे? मोठ्याने बोल की."