चार पोईंच्या घराशी डावीकडे

कुडतरी गावातली मला ठाऊक नसलेली एक तरी पाऊलवाट दाखवा! असं मी आमच्या सायकल मंडळात छाती ठोकून सांगितलं. खरं तर पोस्टात पस्तीस वर्षं मी काउंटरमागे बसून तिकिटं विकली. वाटा तुडवल्या त्या पोस्टमनने. पण त्या दिवशी नव्या कप्तानाचा विषय निघाला होता आणि माझी जीभ सैल सुटली.

काय करणार! चार वर्षं दर रविवारी मी सगळ्यांच्या शेवटी असतो. पुढच्या दहा जणांना मी तोंडापेक्षा पाठीवरून जास्त ओळखतो. एकदा तरी मी पुढे आणि ते मागे, एवढंच माझं मागणं होतं.

"मग ह्या रविवारी दाखव, सेव्हेरीन," इनास म्हणाला. कप्तानपदावर त्याचाही डोळा होता आणि त्याच्या सायकलवर नकाशा दाखवणारं यंत्र होतं! "इगर्जीच्या क्रुसापासून नदीपर्यंत, मोठ्या रस्त्याला चाक न लावता. जमलं तर कप्तान तू!"

शनिवारी पहाटे मी सालू पदेराला गाठलं. तीस वर्षं हा माणूस सायकलला कोंड्याच्या पोई, कडक उंडे अशा पावांची टोपली बांधून घरोघर फिरतोय.

"सोप्पं आहे, पात्रांव," सालू म्हणाला. "चार पोईंच्या घराशी डावीकडे. दहा पोईंच्या घराशी उजवीकडे. सहा उंडे घेतात तिथे विहिरीला वळसा."

"अरे, घरांचे रंग सांग की!"

"रंग दर नाताळाला बदलतात. पोई बदलत नाहीत!"

मी सगळं कागदावर उतरवलं. रविवारी सालू बहिणीच्या गावच्या फेस्ताला जाणार होता. बेकरीत येऊन पाव न्या, असं त्याने गिऱ्हाइकांना बजावलं होतं. जाताना त्याने आपला रबरी भोंगा माझ्या सायकलला बांधून दिला. "प्रत्येक वळणावर वाजवा, नाहीतर कुत्रे अंगावर येतात!"

रविवारी सकाळी मी पुढे, दहा जण मागे! पहिल्याच वळणावर मी भोंगा दाबला. पों पों! धडाधड दारं उघडली. गाऊन घातलेल्या आंटी हसत बाहेर आल्या. मीही हात हलवला.

"बघा, गावात काय ओळख आहे माझी!" मी मागे वळून म्हणालो.

तेवढ्यात वाटेला फाटे फुटले. समोर एक पिवळं घर, दारात कार्मिण आंटी. आता हे घर चारांचं की दहांचं?

"आंटी, तुम्हाला पोई किती लागतात हो?"

"आज दहा, पुता! वास्कोहून मुलगी-जावई आलेत!"

दहा! म्हणजे उजवीकडे! मी झोकात वळलो. मागून आंटी काहीतरी ओरडल्या, पण कप्तानाला थांबून कसं चालेल?

मग प्रत्येक वळणाला भोंगा आणि प्रत्येक फाट्याला तोच प्रश्न. कुणाचा मुलगा बोटीवरून आला होता, कुणाकडे बारसं होतं. रविवार ना! एकाच्या उत्तरावरून आम्ही डुकरांच्या गोठ्यात शिरलो, दुसरीच्या उत्तरावरून वाळत घातलेल्या चादरींखालून निघालो. इनासच्या यंत्रात आम्ही सगळे तळ्याच्या मधोमध होतो!

खरं म्हणजे तळ्याच्या बांधावर होतो. दोन्ही बाजूंना पांढरी कमळं. जन्म ह्याच गावात गेला, पण हा बांध मी पहिल्यांदाच पाहिला आणि मला मनापासून आनंद झाला. बांध संपला तो थेट बेकरीच्या मागच्या दारात.

दारात मालकीण एस्पेरांसबाय कमरेवर हात ठेवून उभी!

"पहाटेपासून पाव पडलाय, न्यायला एक माणूस नाही! विचारलं तर म्हणतात, नवा पदेर आलाय! डोक्यावर हेल्मेट, मागे दहा माणसं! घरोघर विचारून गेलाय, आता आणून देईल! कोण तो मेला?"

सगळ्यांनी माझ्या भोंग्याकडे पाहिलं. मला कबूल करावंच लागलं: भोंगा सालूचा आणि वाटाही सालूच्याच.

पाच मिनिटांत अकराच्या अकरा सायकलींना पिशव्या लटकल्या. इनासच्या यंत्रावरच उंड्यांची थैली आली! कुणाला किती, हे मला पाठ होतं, कारण प्रत्येक आकड्याला मी एकदा चुकलो होतो.

शेवटचं घर कार्मिण आंटींचं. त्यांनी गरम पोईत चोरिस, म्हणजे डुकराचं झणझणीत सॉसेज, भरून प्रत्येकाच्या हातात दिलं.

"आणि एरवी किती पोई लागतात, आंटी?" मी हळूच विचारलं.

"चार."

आम्ही डावीकडे वळलो. पुढे एकदा उजवीकडे, मग विहिरीला वळसा, आणि पाच मिनिटांत समोर नदी!

काठावर बसून सगळे खात होते. असा रविवार चार वर्षांत झाला नाही, ह्यावर कुणाचं दुमत नव्हतं. मी घसा खाकरला. "मग, कप्तानाचं काय?"

इनास उठला. "ज्याच्या वाटेने आज आपण इथवर आलो, तोच कप्तान!"

टाळ्या पडल्या. मी लाजून उभा राहिलो.

"सालूच्या नावाला ज्यांची संमती असेल, त्यांनी हात वर करा!"

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे, हात माझाही वर होता हो. दुसऱ्या हातात आंटींची दुसरी पोई होती.