रॉयसची न्यायाधीशपदाची लायकी

न्यायदान हे पवित्र काम आहे, आणि पवित्र काम करणाऱ्याने निदान बूट पुसून घरात यावं. माझ्या धाकट्या बहिणीचा रॉयस तेवढंही करत नाही. चिखलासकट माझ्या स्वयंपाकघरात शिरला, न विचारता ताज्या ॲपल-पायचा मोठा तुकडा कापला आणि तोंड भरलेलं असताना म्हणाला, "मावशी, अंगणात माझ्या नावाची पाटी लाव. मी न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला उभा आहे."

आमच्या टेक्सासात छोट्या कोर्टाचा न्यायाधीश लोक मतं देऊन निवडतात. तो कायदा शिकलेला हवा अशी अट नाही. (घातली असती तर उमेदवार आणायचे कुठून?) पार्श्वभूमी मात्र कसून तपासतात. रॉयसचे पूर्वज इथल्याच दफनभूमीत आहेत, म्हणजे स्थानिक अनुभव दांडगा. चर्चमध्ये तो पहिल्या बाकावर झोपतो; मागे झोपणारे कितीतरी आहेत. बायको अजून पहिलीच. शाळेच्या फुटबॉल संघात असताना त्याचा गुडघा मोडला आणि तो सामना आपण जिंकलो, तेव्हा समाजासाठी त्यागही झालेला. शिवाय त्याने निखाऱ्यावर भाजलेलं बार्बेक्यूचं मांस खाल्ल्यावर माणूस दुसऱ्याला मत देऊच शकत नाही.

विरोधात नडीन प्रुइट. निम्मं आयुष्य याच कोर्टात वकिली केलेली बाई. पण चर्चच्या जेवणाला, जिथे प्रत्येकीने घरी केलेलं आणायचं असतं, तिने दुकानातलं बटाट्याचं सॅलड आणलं, डब्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढता. अशा बाईच्या हाती न्याय सुरक्षित नाही, हे पंगतीत एकमताने ठरलं. (एक म्हातारे बहिरे आहेत, त्यांना नंतर ओरडून सांगितलं.)

माझी शेजारीण अर्लीन तर रॉयससाठी घरोघर फिरली. घरमालकाने तिला घर सोडायची नोटीस दिली होती, आणि खटला नव्या न्यायाधीशापुढे निघणार होता. "माझा कुत्रा गेला तेव्हा खड्डा रॉयसने खणला गं," ती म्हणायची. "तो मला बाहेर काढेल होय?"

रॉयस भरघोस मतांनी निवडून आला.

सुनावणीला मी अर्लीनच्या शेजारी बसले. तिचा भाडेकरार पुढच्या उन्हाळ्यापर्यंतचा होता, कागद तिच्या पर्समध्ये होता. घरमालकाने वकील केलं होतं नडीनला. निवडणूक हरल्यामुळे ती मोकळीच होती. ती बराच वेळ बोलली, त्यातलं अर्धं लॅटिन. रॉयस मान डोलावत राहिला. मग गंभीरपणे म्हणाला, "नडीनताई जे बोलल्या ते मला अजिबात कळलं नाही. म्हणजे ते कायद्याला धरूनच असणार. घर खाली करा."

अर्लीनने पर्स उघडलीही नव्हती. "अरे रॉयस, मी तुला मत दिलं रे!"

"म्हणून तर काकू," तो मायेने म्हणाला, "सामान हलवायला मी स्वतः ट्रक घेऊन येतो."

मी उठले. शिपाई 'खाली बसा' म्हणाला, त्याच्याकडे एकदा बघितलं, तो बसला.

"रॉयस, ट्रक माझ्या दारात लाव," मी म्हटलं. "अर्लीन आता माझ्याकडे राहील. आणि मान खाली घालू नकोस, तुझा काही दोष नाही. तुला खणता येतं का, भाजता येतं का, सगळं आम्ही विचारलं. न्याय करता येतो का, तेवढं विचारायचं राहिलं. न्यायाधीश म्हणून तू नालायकच आहेस बाळा, पण मतदार म्हणून आम्हीही तुझ्या तोडीस तोड निघालो."