शर्टातलं तळं

टेकडीवर पोचून शिंपी, त्याचा मेहुणा आणि सासरे यांनी पिशव्या उतरवल्या, तेव्हा कळलं की पाण्याचा कॅन वाटभर गळत आला होता. स्टोव्ह होता, चहापत्ती होती, पाणी मात्र थेंबभर नव्हतं. शेजारच्या डबक्यात जे होतं त्याला पाणी म्हणणं म्हणजे चिखलाचा अपमान.

"गाळू आणि खळखळून उकळू," मेहुणा म्हणाला. "सुती कापडाची चौपदरी घडी हवी. दाजी, तुम्ही शिंपी. बोला!"

सुती कापड सासऱ्यांच्या अंगावर होतं, हे साऱ्या घराला पाठ होतं. शिंप्यानेच त्यांचा शर्ट शिवून "शंभर टक्के सुती, बाबा!" असं छातीठोक सांगितलं होतं. कापड खरं तर छत्रीच्या उरलेल्या ताग्यातलं. सासरे त्यात घामाने निथळायचे, आणि हा म्हणायचा, "दहा धुण्यांनी मोकळा होतो." आज बिंग फुटलं, तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय नव्हती.

त्याने घाईघाईने आपला रुमाल पुढे केला.

"हा नायलॉनचा," मेहुणा म्हणाला.

मग टोपी काढली, ती लोकरीची. मग पायमोजा काढला, तेव्हा दोघेही चार पावलं मागे सरले.

"अहो, पुरे!" सासऱ्यांनी शर्टाची बटणं सोडली.

घडीची झोळी करून सासऱ्यांनी आणि जावयाने टोकं धरली. खाली पातेलं ठेवलं. मेहुण्याने तांब्यावर तांब्या ओतला. थेंब पडेना.

"दाजी, हे गाळतंय का साठवतंय?"

"सुती कापड आधी विचार करतं," शिंपी पुटपुटला.

अर्धा तास गेला. हातांना मुंग्या आल्या. सोडावं, तर होतं तेही जायचं. आणि मग मेहुणा वाकला तो वाकलेलाच राहिला. गाळ तळाशी बसला होता आणि वर पाणी असं नितळ, की एक अख्खा ढग शर्टात उतरला होता. त्याच्याखालून घार गेली, पंखांचं पीसन् पीस दाखवत.

"हलू नका रे," सासरे कुजबुजले. "आभाळ सांडेल."

वरचं पाणी कपाने हळूच काढून उकळलं. सासऱ्यांनी उघड्या अंगाने तीन कप चहा घेतला. मेहुणा भांडी आवरायला वळला, तसे ते जावयाच्या कानाशी लागले.

"जावईबापू, याच ताग्यातला आणखी एक शिवा."

"बाबा, खरंच?"

"हो. आणि जमलं, तर त्याला एक दांडा लावा."