प्रत्येक झाडाखाली सात बटाटे

बटाटा लावायला काय अक्कल लागते हो? बी पुरायचं, माती ओढायची आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत निवांत बसायचं! असं मी मार्चमध्ये सासूबाईंना तोंडावर सांगितलं. मी डब्लिन शहरातला, त्या आयर्लंडच्या खेड्यापाड्यातल्या लीट्रिमच्या, आणि लग्नानंतर मीही तिथेच राहायला आलेलो. त्यांनी बियाण्याची पिशवी माझ्या हातात ठेवली.

लुनसाच्या रविवारी, म्हणजे सुगीच्या पहिल्या सणाला, घरधन्याने आपल्या वाफ्यातले नवे बटाटे काढून बायकोला वाढायचे. त्याआधी कुदळ लावली तर घरात दाणा उरला नाही म्हणून गाव हसतं. त्या दिवशी निघाले नाहीत तर बायको पोसायची ऐपत नाही म्हणून हसतं! माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, आणि जेवायला सासूबाई येणार होत्या.

शनिवारी दुपारी चोरून एक झाड उकरलं. खाली वाटाण्याएवढे चार बटाटे! दुसऱ्याखाली तीन!

तडक गाडी काढली आणि जिथे मला कुत्रंही ओळखत नाही अशा गावातून पाच किलो नवे बटाटे आणले. रविवारी डोकं दुखतंय सांगून घरी राहिलो. माझी बायको नोरीन चर्चला जाताच वाफ्यातल्या दहाही झाडांखाली मोजून सात-सात पुरले. उगाच पक्षपात नको!

दुपारी सासूबाई आल्या त्या गमबूट घालूनच. हातात झाकलेली टोपली.

"द्या ती कुदळ, जावईबापू."

"आई, तुम्ही कशाला? मी काढतो ना!"

"माझी कंबर अजून शाबूत आहे."

पहिल्या झाडाखाली सात. दुसऱ्याखाली सात. तिसऱ्याखालीही सात निघाले तशा त्या थांबल्या.

"नोरीन, तुझ्या नवऱ्याचे बटाटे हजेरी देऊन उगवतात गं!"

"आणि आंघोळ करून!" नोरीन म्हणाली. "फिंटन, यांना मातीच चिकटलेली नाही!"

"आपली जमीन भुसभुशीत आहे."

"लीट्रिमची?" दोघी एकदम ओरडल्या. इथला चिखल पायातला बूट ओढून घेतो.

"बी मी गुलाबी सालीचं दिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "हे तर पांढरे!"

"यंदा ऊन कमी पडलं."

त्या वाफ्याच्या कडेला बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, ते बी सप्टेंबरशिवाय तयारच होत नाही! चुकून उशिराची पिशवी दिली, ते मला कालच कळलं." त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं. आत त्यांच्या वाफ्यातले नवे बटाटे, मातीसकट. "तुमची लाज राहावी म्हणून सकाळी गुपचूप पुरायला आले होते. जन्मात पहिल्यांदा चर्च बुडवलं! तर इथे तुम्ही आधीच ओणवे. कुंपणाआडून मीही सात-सात मोजले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगतो, बाई आवडल्याही. त्यांचे बटाटे लोणी घालून खाल्ले, ते तर फारच आवडले.

सप्टेंबरात आमच्या वाफ्यात एकही गुलाबी बटाटा निघाला नाही. दहाच्या दहा झाडं मी स्वतःच मुळापासून हलवून ठेवली होती! बी पुरणं जमलं, माती ओढणं जमलं. निवांत बसणं तेवढं राहून गेलं.